सांगकाम्याची पहिली तारीख

आमच्या सोसायटीचं चिटणीसपद माझ्याकडे कसं आलं, याला फारसा इतिहास नाही. ज्या सभेत ते ठरलं त्या सभेला मी गैरहजर होतो, एवढंच. पदाबरोबर दर महिन्याच्या एक तारखेला २४ बिऱ्हाडांना मेंटेनन्सची आठवण करण्याचं कामही आलं. आता माझी अडचण अशी, की एक तारीख मला साधारण पाच तारखेच्या सुमाराला आठवते. माझी ही अवस्था पाहून आमचा भाचा एकदा म्हणाला, "मामा, तुम्ही क्रॉन का नाही लावत?"

मला वाटलं, गुडघ्याचं एखादं नवं मलम असेल.

चौकशीअंती कळलं, की क्रॉन हा युनिक्समधला एक गडी आहे. दिवस आणि वेळ सांगून ठेवली, की ठरल्या वेळी सांगितलेलं काम करतो. दरमहा ई-मेल पाठव म्हटलं, की दरमहा पाठवतो. पगार नाही, जेवण नाही, शिमग्याला गावी जाणं नाही. पण आमच्या घराण्याची रीत अशी, की गडी ठेवायचा तर आधी त्याचं कुळशील विचारायचं. म्हणून मी क्रॉनच्या घराण्याची माहिती काढली.

घराणं अमेरिकेतलं. न्यू जर्सी राज्यात मरे हिल म्हणून ठिकाण आहे. तिथल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या जोडीनं युनिक्सचा पाया घातला. प्रयोगशाळा टेलिफोनवाल्यांची, पण या घरात पत्रं लिहिण्याची हौस पहिल्यापासून. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्याच माहितीपुस्तकात 'मेल' नावाची आज्ञा आहे. ही पत्रं त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला जात. म्हणजे चार पावलांवर बसलेल्या शेजाऱ्याशी न बोलता त्याला लेखी कळवायचं! आमच्या सोसायटीत अशी तीन घरं आहेत, पण त्यांचं युनिक्सवाचून चाललंय.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली, तीत हा क्रॉन आहे. नाव ग्रीक 'क्रोनोस'वरून, अर्थ काळ. दिनक्रम अगदी साधा. दर मिनिटाला उठायचं, कामांची यादी वाचायची, या मिनिटाचं काही असेल तर करायचं आणि पुन्हा मिनिटभर झोपायचं. आमचा रात्रीचा वॉचमन यातलं शेवटचं कलम तेवढं पाळतो. पुढे १९८७ साली पॉल विक्सी यांनी क्रॉन नव्यानं लिहून सर्वांना खुला केला. आज लिनक्सच्या पुष्कळ यंत्रांवर त्याचीच संतती नांदते.

यादीतल्या प्रत्येक ओळीत आधी पाच गोष्टी लिहायच्या असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. आपल्या पंचांगाचीही अंगं पाचच. पण साम्य तिथेच संपतं. क्रॉनला चतुर्थी कळत नाही, चंद्रोदय कळत नाही. तारीख आणि वार दोन्ही लिहून '१३ तारखेचा शुक्रवार' सुचवू पाहिलं, तर तो बिचारा प्रत्येक १३ तारखेला काम करतो आणि शिवाय दर शुक्रवारीही करतो. आपल्या गोष्टीतला सांगकाम्या तो हाच.

या सांगकाम्याचं एक जुनं काम मला फार आवडलं. त्याच सातव्या आवृत्तीत 'कॅलेंडर' नावाची एक सोय होती. आपल्या वहीत तारखेसकट कामं लिहून ठेवायची. क्रॉन भल्या पहाटे ही सोय चालवी आणि आजच्या-उद्याच्या तारखेच्या ओळी ज्याच्या त्याला टपालानं जात. शनिवार-रविवारी 'उद्या' सोमवारपर्यंत लांबवण्याइतकं शहाणपणही त्यात होतं. मात्र सणाच्या सुट्या त्याला कळत नाहीत, हे माहितीपुस्तकानंच दोषांच्या सदरात प्रांजळपणे लिहून ठेवलंय. 'डिसेंबर ७' समजे, पण '७ डिसेंबर' समजत नसे. आणि वही सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी ठेवावी लागे, नाहीतर आठवण मिळत नसे. लग्नाचा वाढदिवस विसरणारे किती, हे त्या प्रयोगशाळेत गुपित राहिलं नसणार. असो. मी वाचलं, हसलो आणि पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं.

कुळशील पसंत पडल्यावर भाच्यानं परदेशातलं एक भाड्याचं यंत्र मिळवून दिलं. सकाळी ८ वाजता, १ तारखेला, दरमहा, असं ठरलं. ओळ मी स्वतःच्या हातानं लिहिली: * ८ १ * *. ज्या खान्यात काही ठरवायचं नाही तिथे चांदणी काढतात, हे मी शिकलो होतो. मिनिटाचं काय एवढं, म्हणून तिथेही चांदणी काढली. चांदणीचा अर्थ मी 'कुठलंही चालेल' असा घेतला होता. क्रॉन 'प्रत्येक' असा घेतो.

त्यात ते यंत्र ग्रिनिचच्या घड्याळावर चाले. तिथले ८ म्हणजे आपले दुपारचे दीड. पुण्यात ही वेळ कोणती, हे सांगायला नको. १ तारखेला दीडपासून २ वाजून २९ मिनिटांपर्यंत, ऐन वामकुक्षीत, दर मिनिटाला एक, अशी प्रत्येक घरी ६० पत्रं गेली. २४ घरांची मिळून १४४०. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी पहिल्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं, ते संपेपर्यंत आणखी अकरा आली होती. संध्याकाळपर्यंत झाडून सगळी थकबाकी वसूल झाली, हेही नमूद केलं पाहिजे.

मग ओळ दुरुस्त केली: ३० २ १ * *. तेव्हापासून पत्र सकाळी बरोबर आठला जाऊ लागलं. मजकूर सुबक होता. सुरुवात, "आपण सर्वजण खुशाल असालच." माझे जिने चढणं थांबलं. गुडघ्याला आराम पडला. म्हणजे क्रॉन मलमही निघालं.

पाचेक महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फाटकापाशी भेटल्या. एकट्या राहतात. मुलगा परदेशी. पूर्वी १ तारखेला पैसे घ्यायला गेलो, की अर्धा तास मोडायचा. चहा, चिवडा आणि नळाची तक्रार. आता मुलानं बँकेतून पैसे आपोआप जाण्याची सोय केली होती. माझं पत्र आपोआप जाई, त्यांचे पैसे आपोआप येत. हिशेब चोख होता.

"काय हो, आमचं काही चुकलं का?" काकूंनी विचारलं. "येणं सोडलंत ते?"

मी पत्राचं सांगितलं.

"हो, पत्र येतं ना. 'खुशाल असालच' म्हणून. मागच्या महिन्यात आलं तेव्हा मी हॉस्पिटलात होते. मनगट मोडलं होतं. म्हटलं, उलट टपाली कळवावं, की नाही हो खुशाल. पण उजवाच हात प्लास्टरमध्ये."

त्या हसल्या. मलाही हसावंच लागलं.

रात्री मला ती 'कॅलेंडर'ची सोय आठवली. ती ज्याची आठवण त्यालाच धाडत असे. पुढे ज्याच्या घरी जायचं तिथे त्यानं स्वतःच जायचं. मी गड्याला आठवण ठेवायला सांगितली नव्हती. माझ्या वतीनं जायलाच सांगितलं होतं. त्याचा काय दोष? तो कधी कुणाच्या घरी गेलेलाच नाही.

मेंटेनन्सचं पत्र तसंच ठेवलं. फक्त 'खुशाल असालच' खोडलं. आणि यादीत एक ओळ वाढवली. दर १ तारखेला सकाळी १० वाजता, माझ्याच नावे: "तिसरा मजला. काकू. स्वतः जाणे."

परवा १ तारखेला बरोबर दहाला पत्र आलं. जिना चढून गेलो. काकूंनी दार उघडलं, चिवड्याचा डबा काढला आणि म्हणाल्या, "आठवण राहिली म्हणायची!"

मी "हो" म्हणालो. क्रॉनचं नाव काढलं नाही. श्रेय मागायला तो काही तीन जिने चढून येणार नव्हता.