तितराच्या पोटातलं शेत



आजची नोंद पेरणीची नाही की फवारणीची नाही, इतिहासाची आहे. पण शेवटी ती बांधावरच येऊन थांबते, म्हणून सवडीनं वाचा. पूर्वी आपल्या माळावर तितर-लावरी धरली जायची आणि साफ केली जायची. ती साफ करताना शेतकऱ्याला काय कळायचं, ते आज लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की सांगतो. आज तितर, लावरी, मोर, पखुर्डी धरणं, मारणं, त्यांची अंडी उचलणं हा गुन्हा आहे. ही नोंद कुणी शिकारीचा धडा समजू नये.

ही परंपरा किती जुनी? चरकसंहितेत तितर आणि लावा या पाखरांना 'विष्किर' म्हटलंय. म्हणजे पायानं माती उकरून, दाणे विस्कटून खाणारे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यानं पाखराची जात ठरवली ती त्याच्या खाण्याच्या पद्धतीवरून. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दुसरा दाखला आपल्या शेजारचा. निलंग्याहून सीमा ओलांडली की बसवकल्याण लांब नाही. ती चालुक्यांची राजधानी, कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ केला. त्यात शिकार आहे, ससाण्याचा खेळ आहे, लाव्यांच्या झुंजी आहेत, आणि राजाच्या मुदपाकखान्यात जनावर कसं साफ करायचं तेही आहे. रानडुकराचे केस काढायला वरून कपडा टाकून कढत पाणी ओतायचं, नाहीतर गवताच्या जाळावर होरपळायचं, असं त्यात सांगितलंय. आपल्याकडं परवापर्यंत हेच चालत होतं. राजवाड्यातली रीत आणि माळावरची रीत फार वेगळी नव्हती.

माळावर खरे जाणकार फासेपारधी. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या बालाघाटाच्या माळपट्ट्यात त्यांची पालं पडायची. बांबूच्या काड्यांना तातीचे किंवा घोड्याच्या केसांचे फास बांधून ओळीनं जमिनीत रोवायचे. मध्ये पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवायचा. तो ओरडला की रानातला नर चिडून भांडायला यायचा आणि फासात अडकायचा. गोळी नाही, बार नाही. ठासणीची बंदूक देशमुखांकडं, जहागीरदारांकडं असायची. तिच्या छऱ्यानं मारलेलं पाखरू साफ करताना शिशाचा एकेक छर्रा बोटानं चाचपून काढावा लागे. नाहीतर दाताखाली यायचा, आणि शिसं पोटात जाणं वाईटच.

फासातलं पाखरू बहुतेक जिवंतच बाजारात यायचं, पाय बांधून. त्याला दोन कारणं. मुसलमान घरात हलाल केल्याशिवाय चालत नसे. आणि मराठवाड्याच्या उन्हात मेलेलं पाखरू टिकत नाही. आतडं आत राहिलं की फुगतं आणि त्याचा वास मांसात उतरतो. म्हणून रानात मारलेलं पाखरू रानातच साफ करायची पद्धत. घरी नेऊन निवांत करू, हा विचारच नव्हता.

साफ करायच्या दोन तऱ्हा म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या. घाई असली की सोलायचं. तितराचं कातडं पातळ, छातीजवळ चिमटीत धरून फाडलं की बनियन काढल्यासारखं पिसांसकट उतरतं. सवड असली की पिसं उपटायची आणि उरलेली लव जाळावर होरपळायची. यात कातडं राहतं आणि मांस कोरडं पडत नाही. मग बुडाजवळ छोटा काप देऊन दोन बोटांनी आतडं ओढायचं. काळजी एकच, पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली तर सगळं कडू. मग मीठ-हळद चोळायची आणि पळसाच्या पानात गुंडाळायचं.

आता मुद्द्यावर येतो. आतडं काढताना आणखी दोन गोष्टी हाताला लागायच्या. एक, गळ्याखालची दाण्याची पिशवी. दुसरी, दळणाचा जाड गोळा, ज्याला खाटीक पेठा म्हणतात. पाखराला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि त्या गोळ्यात दाणे भरडतं. पिशवी चिरली की पाखरानं त्या दिवशी काय खाल्लं ते जसंच्या तसं समोर. सुगीत ज्वारीचे दाणे, बाकीच्या दिवसांत तणाचं बी, वाळवी, मुंग्या, भुंगेरे, अळ्या. म्हणजे पाखरू आपल्या शेतातून काय नेतं आणि काय साफ करून जातं, याचा हिशोब त्या पिशवीत असायचा. ज्यानं पाखरू साफ केलं त्याला तो हिशोब कुणी शिकवावा लागत नव्हता.

हाच हिशोब सरकारी शास्त्रज्ञांनीही केला. बिहारातल्या पुसा इथं तेव्हा देशाची शेती संशोधन संस्था होती. तिथल्या मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पाखरांची पोटं तपासून 'फूड ऑफ बर्ड्स इन इंडिया' हा अहवाल १९१२ मध्ये छापला. कोणतं पाखरू पिकाचं नुकसान करतं आणि कोणतं कीड खातं, हे पोट पाहून ठरवलं. पुढं १९३१-३२ मध्ये सालीम अली यांनी हैदराबाद संस्थानातल्या पाखरांची पाहणी केली. तेव्हा आपला सगळा मराठवाडा त्याच संस्थानात होता. पाहणीवाल्यांची साफ करायची रीत उलटी. शिकारी मांस ठेवतो आणि कातडं फेकतो, हे कातडं ठेवायचे. आतून सोमल घातलेला साबण लावायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी. आज जुनी माहिती मिळते ती अशा चिठ्ठ्यांमुळं.

मग कायदा आला. वन्यजीव संरक्षण कायदा सप्टेंबर १९७२ चा. आपल्याकडं तेच साल दुष्काळाचं, माणसं खडी फोडायला गेली होती, त्यामुळं या कायद्याची चर्चा गावात कुणी केली नसावी. सुरुवातीला लहान शिकारीला परवाना मिळायचा. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाटही बंद झाली. कायदा गरजेचा होता, यात मला शंका नाही. पण त्याचा भार सारखा पडला नाही. बंदूकवाल्याचा छंद गेला, फासेपारध्याची भाकरी गेली. या समाजावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही. गावात चोरी झाली की आजही पहिली नजर पालाकडं जाते. अकोला-वाशीमकडं मात्र तणमोर शोधायला आणि राखायला फासेपारधीच पुढं आले आहेत. ज्याला पाखराची चाल कळते त्यालाच ते राखता येतं, ही साधी गोष्ट आहे.

ज्यांना खायची हौस आहे त्यांच्यासाठी जपानी बटेर आहे. १९७४ च्या सुमारास इज्जतनगरला ती आणली गेली. पाच आठवड्यांत दीड-दोनशे ग्रॅम भरते. साफ करायची रीत तीच, जुनी. फक्त तिची पिशवी चिरली तर त्यात फक्त खाद्य निघतं, शेत निघत नाही.

आता बांधाकडं या. तितर घरटं बांधत नाही, गवताच्या बुडाशी माती उकरून चार ते आठ अंडी घालतं. विणीचा काळ मुख्यतः चैत्रापासून पावसाळा संपेपर्यंत. आणि आपण बांध पेटवतो तो नेमका उन्हाळ्यात. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, गायरानं नांगरली गेली, बांधावर तणनाशक मारलं. पाखराला उरलं काय? कायद्यानं फास थांबला, पण काडीपेटीवर कायदा चालत नाही.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो. उन्हाळ्यात बांध पेटवू नका, कापायचाच असला तर कापा. धुऱ्याला हातभर रुंद गवताचा पट्टा राहू द्या. आणि औषध लावलेलं बियाणं तिफणीतून सांडलं तर मातीआड करा, उघडं ठेवू नका. पिल्लं पहिले काही आठवडे किडे-अळ्यांवरच वाढतात. तेवढं काम ती आपल्या शेतात फुकट करतात.

तुमच्या शिवारात सकाळी तितर ओरडतं का? कोणत्या गावात, कोणत्या पिकात, ते लिहा. कृषी सहायक मंडळींनीही लिहावं. चिठ्ठ्या बांधायचे दिवस गेले, पण नोंद ठेवायला कुणाची आडकाठी नाही.