जस्ताची गाडी कोणी मोडली?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या १९९५च्या बॅचच्या गटावर आला तेव्हा मी 'छंद' हा विषय कळवून टाकला. गेली चौदा वर्षे मी मोटारींची छोटी मॉडेल्स जुळवते, रंगवते, त्यांत फेरफार करते. त्यांचा थोडा इतिहास लिहावा एवढाच बेत होता. लिहायला बसले आणि लक्षात आले की या इतिहासातला एक तुकडा आपल्या वर्गातला आहे, आणि तो मी एवढी वर्षे कुणाला सांगितलेला नाही. तो सांगते, पण क्रमाने.

सुरुवात लिव्हरपूलपासून. फ्रँक हॉर्नबी या गृहस्थांनी १९०१ साली छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचे पेटंट घेतले. तोच पुढे 'मेकॅनो' झाला. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याच्या देशी भावंडांचे पूल आणि क्रेन बांधलेत. मेकॅनो कंपनी पुढे खेळण्यातल्या आगगाड्याही करू लागली. आगगाडी आली की स्टेशन आले, स्टेशन आले की बाहेर उभी मोटार हवीच. म्हणून १९३३ साली कंपनीने धातूच्या छोट्या मोटारी ओतल्या. १९३४पासून त्या 'डिंकी टॉइज' नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि थोड्याच काळात आगगाडीला विसरून मुले नुसत्या मोटारीच मागू लागली.

संग्राहकांत आजही सर्वांत रूढ असलेले १:४३ हे प्रमाण इथूनच आले. हा आकडा इतका आडनिडा का, हे मला बरेच दिवस कोडे होते. उत्तर भूमितीच्या तासाला शोभेल असे आहे. ब्रिटनमधल्या 'ओ गेज' आगगाड्यांत खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ने भागले की येतात ४३.५. आगगाडीशेजारी मोटार शोभायची तर तीही त्याच मापाची हवी. १:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, १:१२ म्हणजे फुटाला एक इंच. कोणतेच प्रमाण आकाशातून पडलेले नाही. प्रत्येकामागे कुणाची तरी फूटपट्टी आहे.

काड्यापेटीची गोष्ट तर शाळेतलीच. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल हे कसबी कारागीर. असे सांगतात की त्यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. वर्गातल्या इतर मुलांनाही तो हवासा झाला आणि १९५३ साली 'मॅचबॉक्स' मालिका बाजारात आली. आपल्या शाळेत खेळणी आणायलाच बंदी होती, त्यामुळे आपल्यातून असा उद्योग उभा राहिला नाही, याची नोंद व्यासपीठावरच्या गुरुजनांनी घ्यावी.

इथवर गाडी तयार विकत घ्यायची आणि चालवायची. तिच्यात स्वतःचा हात घालायची सवय लागली ती मुख्यत्वे अमेरिकेत. तिथे मोटार कंपन्या शोरूममध्ये ठेवण्यासाठी नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या हुबेहूब प्रतिकृती करून घेत. अशा प्रतिकृती बनवणाऱ्या 'एएमटी' कंपनीने १९५८ साली त्याच साच्यांतून सुटे भाग काढून जुळणीचे संच विकायला काढले. एका खोक्यात एकाच गाडीचे तीन पर्याय असत: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, आणि तिसरी 'कस्टम', म्हणजे आपल्या मनासारखी. कॅलिफोर्नियात तेव्हा तरुण मुले खऱ्या गाड्यांचे छप्पर कापून खाली आणत, दिवे बदलत. त्यातले नामांकित कारागीर जॉर्ज बॅरिस यांनी एएमटीच्या संचांसाठी भाग आखून दिले. ज्याच्याकडे खरी गाडी कापायला पैसे नव्हते तो दीड-दोन डॉलरच्या गाडीचे छप्पर कापू लागला. एका संचाचे इंजिन दुसऱ्यात, तिसऱ्याची चाके चौथ्याला, हा उद्योग तेव्हापासून जगभर चालू आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही याहून फार वेगळे काही चालत नाही.

मग जपान. शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली. आधी लाकडी मॉडेल्स आणि मग प्लास्टिक असा तिचा प्रवास. १९६७ साली तिने होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचे १:१२ प्रमाणातले मॉडेल काढले आणि छंदाची पातळीच उंचावली. पुढे पोर्शेचे मॉडेल करायचे ठरले तेव्हा शुनसाकू तामिया यांनी मापे मिळावीत म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली. ते मॉडेल १९७६ साली बाजारात आले. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आपण नवी मिक्सरसुद्धा उघडायला घाबरतो.

भारतही या नकाशावर आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' नावाच्या गाड्या निघू लागल्या. नव्या नावाला जागा करायची म्हणून साच्यावरचे जुने नाव घासून काढलेले असे. साचे दमलेले, रंग जरा जाडसर, पण गाडी तीच. आज संग्राहक त्या आवर्जून शोधतात.

मी स्वतः या छंदात आले ती २०११ साली, कामानिमित्त जपानला गेले असताना एक संच घेऊन. पहिल्या गाडीच्या काचेवर गोंदाचे बोट उमटले ते आजही तसेच आहे. नंतर शिकत गेले: भाग चौकटीतून कापताना कटर थोडा लांब ठेवायचा आणि उरलेले पॉलिश पेपरने घासायचे, फट दिसली तर लांबी भरायची, प्रायमरशिवाय रंग द्यायचा नाही, आणि रंगाचे पाच पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे.

सध्या टेबलावर काळीपिवळी आहे. रस्त्यावर मिळणारी प्लास्टिकची टॅक्सी घेतली आणि मोजली, तर तिचे प्रमाण कशातच बसेना. खऱ्या फियाट ११००च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २३४० मिलिमीटर. १:२४ला ते साडेसत्त्याण्णव यायला हवे. म्हणून तळ कापून नवा केला, चाके बदलली, टपावर तारेचा कॅरिअर बसवला, आणि पुढच्या डाव्या बाजूला बाहेर असायचा तो मीटर प्लास्टिकच्या तुकड्यातून कोरला. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३पासून बंद झाली. त्या आठवड्यात मी हे काम सुरू केले. अजून चालू आहे.

आता आपल्या वर्गाचा तुकडा.

सातवी 'ब', १९९१चा पावसाळा. आपल्यातल्या एकाने वर्गात एक गाडी आणली होती. त्याच्या आजोबांनी लढाईच्या आधी विलायतेहून आणलेली, पन्नासेक वर्षे कोकणातल्या घरी फडताळात राहिलेली. तळावरची अक्षरे पुसलेली, त्यामुळे कोणत्या कारखान्याची ते कळत नव्हते. बंदी असल्याने ती कंपास पेटीत लपवून आणली होती आणि मधल्या सुट्टीत तो ती बाकावरच्या शेजाऱ्याच्या ताब्यात देऊन डबा खायला गेला. दोघांची मैत्री किती होती ते तुम्हाला आठवत असेल. शेजारी पाणी प्यायला गेला तेव्हा मी ती पेटी उघडली. मुलींच्या हातात गाडी कुणी देत नसे, आणि मला ती एकदा धरून बघायची होती. मी फक्त उचलली. पुढच्या चाकावरचा पंखा बिस्किटासारखा तुटून माझ्या तळहातावर आला. मी गाडी परत ठेवली आणि तुकडा मुठीत घेऊन जागेवर जाऊन बसले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. शेजाऱ्यावर आळ आला. सरांनी विचारले, "कोणी केलं?" मी मान खाली घातली. शेजाऱ्याला दोन तास वर्गाबाहेर उभे राहावे लागले, आणि खेळणे आणले म्हणून गाडीवाल्यालाही. पण शिक्षा ही खरी शिक्षा नव्हतीच. ते दोघे त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. दहावीच्या फोटोतही एक या टोकाला आहे, दुसरा त्या टोकाला.

छंदात पडल्यावर काही वर्षांनी एका संग्राहकाच्या कपाटात मी युद्धापूर्वीची एक गाडी पाहिली. रंग बऱ्यापैकी, पण अंगभर केसासारख्या भेगा, आणि खाली काचेवर राखाडी भुगा. मी तो भुगा लगेच ओळखला. ते म्हणाले, "हिला हात लावू नका, हिला आतून रोग आहे."

या रोगाला इंग्रजीत जस्ताची कीड अशा अर्थाचे नाव आहे, पण कीटकाचा संबंध नाही. त्या काळच्या धातूच्या गाड्या मुख्यतः जस्ताच्या मिश्रधातूच्या. जस्त कमी उष्णतेला वितळते, बारीक साच्यात चांगले उतरते, म्हणून ते खेळण्यांसाठी सोयीचे. पण त्यात शिशाचा अगदी थोडा अंश राहून गेला, तर धातूच्या कणांमधल्या सीमारेषा हळूहळू गंजतात. धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. उष्ण, दमट हवेत हे लवकर होते. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली अतिशुद्ध जस्ताचे 'झॅमॅक' मिश्रधातू काढले तेच हा दोष टाळण्यासाठी. पण भट्टीत शिशाचा जुना तुकडा चुकून पडला तरी सगळा घाणा बिघडे. शुद्धतेची शिस्त रुळली ती युद्धानंतर. म्हणून युद्धापूर्वीच्या कितीतरी कारखान्यांच्या गाड्या आज अशाच सुटत चालल्या आहेत. पेटीत, कपाटात, कुणी हात न लावता.

पन्नास वर्षे कोकणच्या हवेत राहिलेली ती गाडी १९९१च्या जुलैत तुटली नसती तर ऑगस्टमध्ये तुटली असती. तिचा निकाल आपण जन्मायच्या कितीतरी आधी एका भट्टीत लागून गेला होता.

याचा पुरावा माझ्याकडे आहे. तो पंखा मी टाकला नव्हता. आधी कंपासमध्ये, मग होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत, अशी त्याने माझ्याबरोबर शाळा, इंजिनीअरिंगचे वसतिगृह आणि तीन घरे पाहिली. मी बाटलीत ठेवला तेव्हा तो अखंड तुकडा होता, नखाएवढा, निळा. आज बाटलीच्या तळाशी भुगा आहे आणि त्यात निळ्या रंगाचे दोन पापुद्रे. बाटली मी कधी उघडलेली नाही.

तेव्हा गाडी कोणीही मोडली नाही, हे मी इतिहासाच्या आधारे सांगू शकते. गप्प मात्र मी बसले. त्याला कोणताही मिश्रधातू जबाबदार नाही. वर्गाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या मित्राची मी इथे, सरांसमोर आणि सगळ्या वर्गासमोर माफी मागते. दोघांनाही आधी फोन करून हे सांगितले आहे, नाहीतर स्मरणिकेतून कळणे बरे दिसले नसते. एक खूप वेळ हसला. दुसरा म्हणाला, "लिही, पण नाव घालू नकोस."

मेळाव्याला मी ती बाटली आणणार आहे, आणि रंग वाळला तर काळीपिवळीही. जेवणानंतर नेहमीसारखा फोटो होईल. त्या दोघांनी या वेळी शेजारी उभे राहावे. अवघडल्यासारखे वाटलेच तर मध्ये मी उभी राहीन. गाडी हातात धरायला तसेही कुणीतरी लागेलच.