स्कीची बांधणी : वेग आणि पकड यांचा मेळ

स्कीइंगच्या ऑलिम्पिक शर्यतींमध्ये सर्वाधिक वेगाचा प्रकार म्हणजे 'डाउनहिल'. स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारे याने या शर्यतीत ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला. अशा वेळी खेळाडूचा आधार म्हणजे पायांखालच्या दोन अरुंद पट्ट्या. त्यांच्याकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. स्की सहज घसरली पाहिजे, पण वळणावर निसटता कामा नये. लांबीच्या दिशेने वाकली पाहिजे, पण पिळली जाता कामा नये. कोणताही एकच पदार्थ या साऱ्या अटी पूर्ण करू शकत नाही.

पूर्वी स्की अखंड लाकडाची असे. घट्ट बर्फावर तिच्या कडा झिजत आणि पकड सुटत असे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर याने १९२६ मध्ये लाकडाला पोलादी कडा जोडून हा प्रश्न सोडवला. पुढे अमेरिकेत विमाननिर्मितीचा अनुभव असलेला अभियंता हॉवर्ड हेड याने लाकडी गाभ्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे चिकटवले. अनेक नमुने मोडल्यानंतर १९५० मध्ये त्याची स्की बाजारात आली. १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या जाँ व्ह्वार्ने याने धातूच्या स्कीवर डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकले आणि लाकडी स्कीचे दिवस संपत आल्याचे स्पष्ट झाले.

शर्यतीची आजची स्की म्हणजे अनेक थरांचा संच असतो. मध्यभागी लाकडाचा गाभा असतो. लाकूड वाकून पुन्हा मूळ आकारात येते आणि हादरेही शोषते. त्याच्या वर व खाली 'टायटॅनल' या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे असतात. ते स्कीला पिळू देत नाहीत. त्यामुळे कडेचा दाब टोकापर्यंत पोहोचतो. काचतंतूंच्या थरांमुळे बळकटी येते, तर रबराच्या पातळ पट्ट्या कंपने शमवतात. थरथरणारी कडा क्षणोक्षणी बर्फापासून सुटते, म्हणून कंपनांवरील नियंत्रण हेच वेगवान स्कीचे खरे मर्म ठरते. वजनदार स्कीही याच कारणाने अधिक स्थिर राहते.

तळ पॉलिएथिलीनचा असतो. त्याची भुकटी उष्णता व दाबाने घट्ट करून बनवलेला तळ मेण चांगले धरून ठेवतो. घर्षणामुळे तळाखाली पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. तो हवा तेवढाच राहावा, यासाठी तळावर बारीक रेघा कोरतात; कोरड्या, थंड बर्फासाठी नाजूक आणि ओल्या बर्फासाठी ठळक. मेणातील फ्लोरिनयुक्त द्रव्यांवर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी घातली.

साहित्याइतकाच आकारही महत्त्वाचा. स्कीच्या बाजू मधोमध आत वळलेल्या असतात. हा बाक जितका खोल, तितके वळण लहान. मात्र प्रचंड वेगात कडेने अचानक घेतलेली पकड गुडघ्यावर विलक्षण ताण आणते. दुखापती कमी व्हाव्यात म्हणून २०१२-१३ पासून महासंघाने स्कीच्या आकाराचे नियम अधिक कडक केले. त्यांनुसार डाउनहिलची स्की पुरुषांसाठी किमान २१८, तर महिलांसाठी २१० सेंटिमीटर लांब असावी लागते आणि तिच्या बाकाची त्रिज्या किमान ५० मीटर असावी लागते. अधिक पकड देणारी स्की बनवता येत असूनही ती मुद्दाम बनवली जात नाही, ती खेळाडूच्या गुडघ्यासाठी.