पाणीपट्टी : बिलातला दर आणि टाकीतला दर

पाणीपट्टी वाढली वा कमी झाली, अशी बातमी आली की नागरिक वार्षिक आकडा पाहतो आणि रागावतो किंवा सुस्कारा सोडतो. त्या आकड्यावरून पाणी महागले की स्वस्त झाले, हे मात्र कळत नाही. मीटर नसलेल्या जोडणीचे बिल मोजलेल्या पाण्याचे नसते, ते जोडणीचे असते. छत्रपती संभाजीनगर आणि तेथून जेमतेम तीस किलोमीटरवरचे वेरूळ, या दोन ठिकाणी पाणीपट्टी आकारणाऱ्या संस्था वेगळ्या आणि कायदेही वेगळे. नळाला मीटर नसेल तर हा पेच मात्र दोन्हीकडे सारखाच.

वेरूळच्या घराचा संबंध ग्रामपंचायतीशी येतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार पंचायतीला दोन प्रकारची पाणीपट्टी आकारता येते. सामान्य पाणीपट्टी ही गावात पाण्याची सोय उपलब्ध असल्याबद्दलची आकारणी होय, तर विशेष पाणीपट्टी ज्याच्या घरात खासगी नळ आहे त्याने द्यावयाची. ग्रामपंचायतीच्या मागणीपत्रकात घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी एकाच ओळीत येतात, शिवाय मागील थकबाकी आणि चालू मागणी यांची बेरीजही तेथेच होते. त्यामुळे 'पाणीपट्टी दुप्पट झाली' अशी जी ओरड होते, तिचे मूळ पुष्कळदा पाण्याच्या रकान्यात नसतेच. ते घराच्या नव्या आकारणीत किंवा मागच्या वर्षी न भरलेल्या रकमेत सापडते. खातरजमा करण्यासाठी नमुना ८ ही आकारणी नोंदवही आणि नमुना ९ ही मागणी नोंदवही ग्रामपंचायतीकडे असते. भरलेल्या रकमेची पावती नमुना १० मध्ये मिळते आणि ती जपून ठेवणे अगत्याचे, कारण पुढच्या वर्षी थकबाकीचा वाद निघाल्यास तोच पुरावा. आकारणीच मान्य नसेल तर पंचायत समितीकडे, म्हणजे वेरूळकरांच्या बाबतीत खुलताबादला, अपील करण्याची तरतूद कायद्यात आहे.

गावपातळीवर या पैशाचे जाते काय? पंपाचे वीजबिल, ब्लीचिंग पावडर, फुटलेल्या वाहिनीची दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचे मानधन. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले, पण योजना उभी राहिल्यानंतर ती चालवण्याचा भार गावावरच ठेवला. वसुली खुंटली की वीजबिल थकते आणि वीज तुटली की पट्टी भरणाऱ्याचा नळही कोरडा पडतो. कायद्याने येथे एक नेमका चिमटा ठेवला आहे. रीतसर बिल बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर न भरणारा पंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. गावातील काही थकबाकी केवळ निवडणुकीच्या तोंडावर वसूल होते, त्याचे इंगित हेच.

शहराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पैठणच्या जायकवाडी जलाशयाची पूर्ण संचय पातळी सुमारे ४६४ मीटर, तर शहर त्याहून शंभर मीटरने उंच. तब्बल ४५ किलोमीटरवरून पाणी चढवून आणावे लागते, म्हणजे घरातल्या प्रत्येक बादलीत विजेचा खर्च मिसळलेला असतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात याच शहरासाठी बांधलेली नहर डोंगराकडून उताराने वाहत होती. तिला वीजबिल नव्हते!

समांतर जलवाहिनीचा प्रकल्प खासगी भागीदारीतून करण्याचे ठरले तेव्हा पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढीचे सूत्र आले. चक्रवाढीने दहा टक्के म्हणजे साधारण सव्वासात वर्षांत रक्कम दुप्पट. पाणीपुरवठा २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये तो महापालिकेने परत घेतला. प्रकल्प बारगळला, चढलेली पट्टी मात्र तशीच राहिली आणि घरगुती अर्धा इंची जोडणीसाठी ती वर्षाला ४,०५० रुपयांवर पोचली. मे २०२२ मध्ये, पाणीटंचाईवरून शहरात मोर्चे निघत असताना, ती निम्म्याने उतरवून २,०२५ रुपये करण्यात आली.

ही कपात खरोखर निम्मी होती का, ते नळ कितव्या दिवशी येतो यावर अवलंबून आहे. समजा, एका घरात दोन हजार लिटरची टाकी आहे आणि पाणी येते त्या दिवशी ती एकदा भरते. दर पाचव्या दिवशी पाणी आले तर वर्षात ७३ वेळा, म्हणजे १ लाख ४६ हजार लिटर मिळतील. जुन्या ४,०५० रुपयांत हजार लिटरला पावणेअठ्ठावीस रुपये पडले. आता पट्टी २,०२५ रुपये, पण पाणी आठव्या दिवशी असे धरू. वर्षात ४५ वेळा टाकी भरेल, ९० हजार लिटर मिळतील आणि हजार लिटरचा भाव साडेबावीस रुपये होईल. निम्मी म्हणवणारी कपात प्रत्यक्षात एक पंचमांशही नाही. आणि दहाव्या दिवशी पाणी आल्यास ३६ वेळांत ७२ हजार लिटर, म्हणजे हजार लिटरला २८ रुपये. पट्टी अर्धी होऊनही पाणी पूर्वीपेक्षा महाग! तेवढ्यात टँकर मागवावा लागला तर तो खर्च निराळाच, आणि तो कोणत्याही बिलावर दिसत नाही.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही चालतो. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. जास्त पाणी चढवायचे तर वीज जास्त लागणार आणि पट्टीवाढीचा प्रस्ताव केव्हातरी येणारच. पाचव्या दिवसाऐवजी रोज पाणी मिळत असेल तर दुप्पट पट्टीदेखील हजार लिटरमागे स्वस्त पडू शकते. दिवस तेच ठेवून आकडा तेवढा वाढवला, तर ती निखळ दरवाढ. म्हणून प्रस्तावातील नव्या पट्टीसोबत वर्षातून किती दिवस आणि किती वेळ पाणी सोडण्याची हमी दिली आहे, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

बिल हाती पडल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. चालू मागणी, थकबाकी आणि शास्ती या रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत काय? महापालिका क्षेत्रात मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के शास्ती चढते, आणि अभय योजनेत सूट मिळते ती मुख्यत्वे या शास्तीवर, मूळ रकमेवर नव्हे. मीटर नसलेल्या घराने वर्षभर पाणी येण्याच्या तारखा कॅलेंडरवर टिपून ठेवल्या, तर वरचा हिशेब अंदाजावर न राहता कागदावर मांडता येतो.