‘फास्ट’ : वेगवान आणि पक्काही

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यान धामणगाव रेल्वे हे स्थानक आहे. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तेथे ‘फास्ट’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ शाळकरी मुलालाही सांगावा लागत नाही. फास्ट म्हणजे जलद. ब्रॉडगेजवर ताशी सरासरी किमान ५५ किलोमीटर वेग राखणाऱ्या गाडीला भारतीय रेल्वे ‘सुपरफास्ट’ म्हणते. मात्र एवढ्याच अर्थावर विसंबणारा वाचक पुढे अडखळतो, कारण हाच शब्द ‘न हलणारा’ असाही अर्थ देतो.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘घट्ट, दृढ’ असा होता. वेगाचा अर्थ नंतर आला. घट्ट धरण्यास जोर लागतो आणि जोर लावून धावणे म्हणजेच वेगाने धावणे. मराठीतही दोर ‘जोरात’ आवळतात आणि गाडीही ‘जोरात’ जाते.

या शब्दाचे नेहमीचे उपयोग असे :

दार : ‘द डोअर वॉज फास्ट’ म्हणजे दार घट्ट बंद होते.

रंग : ‘द कलर इज फास्ट’ म्हणजे कापडाचा रंग पक्का आहे, धुतल्याने जाणार नाही. ‘रंग लवकर जातो’ असे समजल्यास अर्थ नेमका उलटा होतो.

मैत्री : ‘फास्ट फ्रेंड्स’ म्हणजे जिवलग मित्र, झटपट जमलेली मैत्री नव्हे.

नियम : ‘हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणजे ज्यात सवलत नाही असा नियम.

घड्याळ : ‘माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट’ म्हणजे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे.

क्रियाविशेषण म्हणूनही हा शब्द तसाच राहतो. ‘रन फास्ट’ म्हणावे. ‘फास्टली’ असे रूप प्रमाण इंग्रजीत नाही. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. ‘फास्ट’ या नामाचा अर्थ उपवास. तोही याच मुळातून, नियम दृढपणे पाळण्याच्या कल्पनेतून आला. रात्रीचा उपवास सोडणारा तो ‘ब्रेकफास्ट’.

अर्थ ठरविताना विशेषणाआधी विशेष्य पाहावे. गाडी, धावपटू, गोलंदाज असल्यास ‘जलद’. दार, रंग, मित्र, नियम असल्यास ‘पक्का’ हा मराठी शब्द मनात आणावा. पक्का रंग, पक्का मित्र, पक्का नियम : मराठीतील हे एकच विशेषण इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ उलगडून दाखविते.