'ओरिजिनल' केसांचा ब्रश

परवा लेकीच्या चित्रकलेसाठी ब्रश आणायला गेलो. दुकानातल्या काकांनी सिंथेटिकचं पाकीट पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "ओरिजिनल केसांचा दाखवू का?" म्हटलं, कशाच्या केसांचा? काका नुसते हसले.

मंडळी, आपण सकाळी तोंडात घालतो तो ब्रशही एकेकाळी 'ओरिजिनल'च होता, म्हणजे डुकराच्या केसांचा. सैबेरिया आणि चीनच्या थंड भागातल्या डुकरांचे केस राठ, म्हणून त्यांना भाव. पण ते लवकर वाळत नसत, जंतू धरत, आणि मधूनच एखादा केस निघून तोंडात यायचा. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन बनवलं आणि २४ फेब्रुवारी १९३८ ला नायलॉनचा पहिला टूथब्रश विकायला आला. नायलॉनचे प्रसिद्ध पायमोजे त्याच्या नंतरचे! तो दिवस बघायला कॅरोथर्स मात्र हयात नव्हते.

भिंतीच्या रंगातही तेच झालं. ऑइलपेंटला डुकराचा केस झकास, कारण टोकाला फाटे फुटलेले असतात, रंग धरून ठेवतो. पण पाण्यात कालवायचा रंग आला की तोच केस पाणी पिऊन लुळा पडतो. तिथे नायलॉन-पॉलिएस्टरने बाजी मारली.

अडलं ते चित्रकारांच्या ब्रशपाशी. मुंगसाचा केस चिवट, टोकाला आपसूक निमुळता. रंग धरतो आणि दाबून सोडला की परत सरळ होतो. नायलॉनचा तंतू यंत्रातून सारख्या जाडीचा निघतो, त्याला टोक मागाहून करावं लागतं. सुरुवातीचे सिंथेटिक ब्रश वाईटच होते, रंग टपकायचा. ते मान्य. पण आता तसं राहिलेलं नाही हो!

आणि दुसऱ्या बाजूचा हिशेब बघा. एका मुंगसाचे जेमतेम ४० ग्रॅम केस निघतात, त्यातले कामाचे २०-२५. म्हणजे एक किलोसाठी ४०-५० मुंगसं मारायची. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, २००२ मध्ये मुंगसाचं संरक्षण आणखी कडक झालं. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये देशभर धाडी पडल्या तेव्हा पन्नास हजारांवर ब्रश आणि शंभर किलोंहून जास्त कच्चे केस सापडले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे या धंद्याचं मोठं ठिकाण, पण धाडींच्या यादीत आपली मुंबई होती, पुणंही होतं. पकडले जातात ते बहुतेक कारागीर आणि छोटे व्यापारी. मागणी करणारे आपण घरी निवांत.

घरी येऊन माझा कॉलेजचा जुना रंगांचा डबा उघडला. दोन ब्रश निघाले. केसाच्या मुळाशी गडद तपकिरी, मध्ये साय रंगाचा पट्टा, टोकाला पुन्हा गडद. मुंगसाचा केस असाच ओळखतात. तेव्हा मीही दुकानात 'ओरिजिनल' म्हणूनच मागितले होते.

असे पट्टेदार ब्रश कुठे विकायला दिसले तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६.