‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ : वेळणेश्वर आणि इतिहासाला विचारलेले प्रश्न

मराठी इतिहासलेखनाची पद्धतिचर्चा प्रामुख्याने साधनांभोवती फिरत आली आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद हा इतिहासाचा पाया मानला गेला आणि ते योग्यच होते. पण त्या परंपरेतून एक समजूतही रुजली. कागद पुरेसे जमले की इतिहास आपोआप सिद्ध होतो, ही ती समजूत. राजवाड्यांच्या स्वतःच्या प्रस्तावना मात्र तिच्या विरुद्ध साक्ष देतात. पहिल्या खंडातील पत्रे १७५० ते १७६१ या काळातील आहेत. प्रस्तावनेचे बळ मात्र पत्रांच्या संख्येत नाही, त्यांना विचारलेल्या कार्यकारणाच्या प्रश्नांत आहे. कागद तेच राहतात. प्रश्न बदलला की ते वेगळे बोलू लागतात.

आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९३९ च्या आत्मचरित्रात या गोष्टीला तर्कशास्त्राचे रूप दिले. कोणतेही विधान हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असते आणि तो प्रश्न कळल्यावाचून विधानाचा अर्थ कळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. गाडामर यांनी १९६० मध्ये ‘सत्य आणि पद्धती’ या ग्रंथात त्याचा विस्तार संहितेच्या आकलनापर्यंत केला. हा सिद्धान्त आपल्या भूमीवर कसाला लावून पाहायचा, तर त्यासाठी मोठ्या राजधानीची गरज नाही. शास्त्री नदीच्या मुखाच्या उत्तरेस, गुहागर तालुक्यात समुद्रकाठी वसलेले वेळणेश्वर त्याला पुरे आहे.

वेळणेश्वराच्या शिवमंदिराविषयी एक कथा सांगतात. एका मच्छीमाराच्या जाळ्यात देवाची पाषाणमूर्ती आली. त्याने ती समुद्रात टाकली. ती पुन्हा जाळ्यात आली. अखेर चिडून त्याने ती खडकावर आपटली, तेव्हा तिच्यातून रक्त वाहिले. भयभीत होऊन त्याने तिची स्थापना केली. या कथेला आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो : हे खरे घडले का, आणि मंदिर किती जुने? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ म्हणून कथा निकालात निघते. दुसऱ्याचे उत्तर एखाद्या शतकाच्या आकड्यात संपते. दोन्ही प्रश्न विचाराला पुढे नेत नाहीत, कारण उत्तर मिळताच ते स्वतः संपतात.

तिसरा प्रश्न विचारून पाहावा. जो देव गोखल्यांसारख्या अनेक चित्पावन घराण्यांचा कुलस्वामी आहे, त्याच्या कथेत तो प्रथम एका मच्छीमाराच्या हाती का लागतो? कथा ही कोणाची आठवण जपते? देवाचा शोध एकाचा आणि देवाचे कुलस्वामित्व दुसऱ्याचे, हे अंतर कथेने लपविलेले नाही; ते तिने उघडपणे वाहून आणले आहे. येथे कथा पुरावा ठरते. घडलेल्या घटनेचा नव्हे, तर देवावरील हक्काच्या वाटणीचा. द. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) मध्ये चौरस्त्यांवरील मातृदेवतांविषयी याच जातीचा प्रश्न केला होता : देवी कोण, याऐवजी ती तेथेच का? या एका फरकाने चौरस्ता हे स्थळ न राहता जुन्या वाटांचे आणि भटक्या समूहांचे साधन बनले.

दुसरी संहिता कुलवृत्तांताची. विसाव्या शतकात अनेक चित्पावन घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत सिद्ध केले आणि त्यांत मूळ गाव, गोत्र, कुलस्वामी या रकान्यांत वेळणेश्वराचे नाव वारंवार आले. हा वाङ्मयप्रकार मुळातच प्रश्नांतून जन्मलेला आहे. ठिकठिकाणच्या शाखांना माहिती विचारायची, आलेली उत्तरे पिढीवार लावायची, ही त्याची रीत. तेव्हा त्याचे व्याकरण म्हणजे त्याच्या प्रश्नावलीचे व्याकरण. मूळ पुरुष कोण? त्याचे पुत्र किती? कोण कोठे स्थलांतरित झाला? या प्रश्नांची उत्तरे त्याने विलक्षण चिकाटीने मिळविली आणि त्याचे ऋण सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने मान्य केलेच पाहिजे. पण त्याच प्रश्नांमुळे सून माहेरच्या नावानिशी आत येते आणि कन्या सासरच्या नावापाशी थांबते. तिच्या पुढची रेषा वृक्षावर उमटत नाही. येथे माहिती गहाळ झालेली नाही. ती विचारलीच गेली नाही. या दोहोंतील भेद पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत आहे.

त्याहून मोठी अनुपस्थिती शब्दातच दडलेली आहे. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. वेळणेश्वर ज्या मुलखात येते तो खोतीचा मुलूख. १८८० च्या खोती कायद्याने खोत, धारेकरी, दुपटकरी, अर्धेली अशा नात्यांना कागदोपत्री आकार दिला. अर्धेली म्हणजे निम्मे पीक देणारे कूळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. ज्या दशकांत एका अर्थाच्या ‘कुळा’चे वृत्तांत छापले जात होते, त्याच दशकांत दुसऱ्या अर्थाचे ‘कूळ’ आपला प्रश्न कायदेमंडळाच्या दारात घेऊन उभे होते. दोघांचा गाव बहुधा एकच. ‘आमच्या कुळाचा मूळ पुरुष कोण?’ या प्रश्नाशेजारी ‘त्याच्या जमिनीवरील कूळ कोण?’ हा प्रश्न ठेवला, की कुलवृत्तांत खोटा ठरत नाही; तो अपुरा म्हणून वाचता येऊ लागतो.

असा शेजार घडविण्याचे सामर्थ्य मराठी गद्याने फार आधी दाखविले आहे. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) धोंडिबा आणि जोतीराव यांच्या प्रश्नोत्तरांत रचलेली आहे. कोकणाची भूमी समुद्र हटवून निर्माण करणारा म्हणून ज्याचे माहात्म्य, त्या परशुरामालाच फुले तेथे पत्र धाडतात : तू चिरंजीव आहेस ना, मग मुदतीत हजर हो. पुराणकथा खरी की खोटी, हा वाद ते घालीत नाहीत. कथेने केलेला दावा अक्षरशः घेऊन ते तिला समन्स बजावतात. प्रश्न येथे अलंकार नसून रचनेचे तत्त्व आहे. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’तही (१८८२) स्त्रियांवर लादलेला प्रत्येक दोष पुरुषाकडे प्रश्न होऊन परततो. सर्जनशीलता प्रतिमेत वा कल्पनेत शोधण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. प्रश्नाची रचना हीही निर्मिती आहे, हे तिने अभावानेच लक्षात घेतले.

याचे परिणाम विद्यापीठीय संशोधनात दिसतात. ‘अमुक : एक अभ्यास’ अशा शीर्षकाचे प्रबंध विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. विषय क्षेत्र आखून देतो. त्या क्षेत्रात काय अडले आहे ते प्रश्न सांगतो. प्रश्नावाचून गोळा केलेली माहिती आधीच्याच रकान्यांत जाऊन बसते, जशी कन्येची रेषा सासरच्या नावापाशी थांबते. फलदायी प्रश्नाच्या दोन कसोट्या वेळणेश्वराच्या उदाहरणावरून सुचविता येतील. त्याने जुन्या साधनाला, ते न बदलता, नवे साधन बनवावे. आणि साधनात कोण नाही, हे त्याने साधनाच्याच भाषेतून दाखवावे. कुलवृत्तांताबाबत ते काम ‘कूळ’ या एका शब्दाने होते. बखरी, माहात्म्ये, दप्तरे यांतील असे शब्द हुडकून त्यांच्या दोन्ही अर्थांना एकाच पानावर आणणे, हे काम अद्याप बरेचसे बाकी आहे.